लाल टोपीची सिरिंज

अक्का, सिरिंज मी चुकीची दिली होती. तुझा हात चुकला नव्हता, वेळ चुकली नव्हती, भाकरी चुकली नव्हती. चूक माझ्या दुकानात झाली, माझ्या हातून झाली, आणि कागदी पिशवीतून तुझ्या घरी जाऊन सहा महिने तुझ्या फ्रिजवरच्या डब्यात राहिली. हे तुझ्यासमोर बसून सांगायला मला साडेतीन महिने मिळाले होते. मी सांगितलं नाही. आता तू जाऊन सोळा दिवस झालेत आणि मी दुकानात बसून, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, जुन्या बिलांच्या पाठीवर हे लिहितोय. एका जागी बसवत नाही. चार ओळी झाल्या की उठतो, पायरीपर्यंत जातो, परत येतो.

थांब, नीट सांगतो. अर्धवट बोललेलं तुला कधी आवडलं नाही.

इन्सुलिनच्या बाटल्या दोन तऱ्हेच्या येतात. एकीत एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट असतात, दुसरीत शंभर. सिरिंजही त्याप्रमाणे दोन. चाळीसची ती लाल टोपीची, शंभरची ती नारिंगी टोपीची. बाटली जिची, सिरिंज तिची, एवढाच नियम. मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. रत्नागिरीत सव्वीस वर्षं मेडिकल चालवतोय. माणसासाठी कोणी सिरिंज मागितली की माझ्या तोंडून आपसूक निघतं, बाटली कुठली आहे, दाखवा. तुला मी विचारलं नाही, कारण तुझी सिरिंज कुत्र्यासाठी होती. हेच खरं कारण आहे. बाकीची मी नंतर जमवली.

खोत हे नाव तू त्याला ठेवलंस तेव्हा मी हसलो होतो. कुत्र्याचं नाव खोत? "बघ ना कसा चालतो," तू म्हणालीस. "आंब्याची चाळीस कलमं माझ्या नावावर आहेत, पण मालक कोण ते वांदरांना विचार." खरंच तसा चालायचा तो. संध्याकाळी कुंपणाच्या गडग्याच्या कडेकडेनं पावस गावातल्या त्या तुझ्या बागेला एक फेरा घालायचा, प्रत्येक कलमाशी थांबायचा, आणि मग ओटीवर येऊन तुझ्या पायाशी धप्पकन बसायचा, जशी काही वसुली झाली. भाऊजी गेल्यावर आणि तुझा मुलगा मंदार मुंबईला स्थिरावल्यावर त्या घरात बोलायला तुला तोच होता. मी दर रविवारी येतो म्हणायचो. महिन्यातून एकदा यायचो.

गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर तो पाण्यावर पाणी प्यायला लागला. जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासून साखर आहे म्हणून सांगितलं. सकाळी सात, संध्याकाळी सात, आठ-आठ युनिट, जन्मभर. माणसांचंच इन्सुलिन, चाळीसचं. तू आधी केळ्यावर शिकलीस. साधं पाणी भरून केळ्याला टोचत बसलीस दोन दिवस. ते केळं मला दाखवलंस, काळंनिळं झालेलं, आणि म्हणालीस, "हे माझं प्रगतिपुस्तक." बाटली जोरात हलवायची नाही, तळहातांमध्ये वळायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तू ती वात वळावी तशी वळायचीस. त्या वेळी तो पुढ्यात येऊन मान खाली घालून उभा असायचा. पळाला नाही कधी.

पैशांचं तू कधी बोलली नाहीस. बाकी काय काय गेलं ते मला दिसत होतं. मुंबईला नातवाच्या वाढदिवसाला गेली नाहीस. तुझ्या शाळेतल्या निवृत्त बाया दोन दिवस गुहागरला गेल्या, तुला त्यांनी फोनवर समुद्र दाखवला. तू म्हणालीस, "समुद्र काय, इथे नाहीये का?" बारा तासांच्या पलीकडे जाता येईल असं एकही ठिकाण तुला उरलं नव्हतं. साठी उलटलेली बाई, आयुष्यभर शाळेच्या घंटेवर जगलेली, जरा सुटी मिळाली तर तिच्या गळ्यात ही सातची घंटा. मला राग यायचा. तुझी काळजी वाटते असं मी म्हणायचो, पण तो रागच होता. एका कुत्र्यासाठी एवढं, असा.

आता ती फेब्रुवारीतली दुपार. तू एसटीनं आली होतीस. दुकानात गर्दी होती. लाल टोपीच्या सिरिंजा यायच्या कमी झाल्या होत्या, लोक इन्सुलिनच्या पेनवर गेल्यामुळे पुरवठादार पाठवतच नव्हता. नारिंगीचं एक खोकं पडून होतं. मी ते पिशवीत घातलं.

"ही नारिंगी कशी रे?"

"लाल येत नाहीत आता."

तू एक बाहेर काढून डोळ्यांजवळ नेलीस. "रेघा वेगळ्या आहेत हिच्यावर."

"हिच्यात एक रेघ म्हणजे दोन. आठ द्यायचं तर चार रेघा ओढ."

"चार? एवढंसं दिसतंय रे औषध. आधीचं बरंच वरपर्यंत यायचं."

बघ, तुझ्या लक्षात आलं होतं. तिथल्या तिथे, चष्मा कपाळावर ठेवून, उभ्या उभ्या. आणि मी काय म्हणालो? "अक्का, मेडिकल माझं आहे की तुझं?"

गिऱ्हाइकं हसली. तूही हसलीस. "तुझंच हो बाबा, तुझंच." मग पर्स उघडलीस. मी नेहमीसारखा हात आडवा केला. तू म्हणालीस, "घे रे. पैसे घेतलेस म्हणजे नीट बघून देशील." थट्टाच होती. पण मी पैसे घेतले नाहीत आणि नीट बघितलंही नाही. जे पडून होतं ते दिलं.

मला रेघांचं कळलं होतं, म्हणून तर चार सांगितल्या. बाटलीचं डोक्यातच आलं नाही. चाळीसच्या बाटलीतलं औषध शंभरच्या सिरिंजमध्ये आठ म्हणून ओढलं तर ते आठ नसतं, तीनपेक्षा जरासं जास्त असतं. त्या दिवसापासून खोताला निम्म्याहून कमी औषध जात होतं. आणि तू रोज दोन्ही वेळेला, घड्याळ बघून, बाटली वळून, हवेचा बुडबुडा काढून, अगदी बरोबर तेवढंच चुकीचं देत होतीस.

एक गिऱ्हाईक येऊन गेलं. डोकेदुखीची गोळी. हल्ली गोळीच्या पट्टीवरचं नावसुद्धा मी दोनदा वाचतो.

मेडिकल माझं की तुझं, असं ज्या माणसानं तुला विचारलं त्याला चिठ्ठ्या वाचायला कोणी शिकवलं होतं? तूच ना? दुकान टाकलं त्या वर्षी डॉक्टरांचं अक्षर मला लागत नव्हतं, रडकुंडीला यायचो. तू दोन वर्षं दर शनिवारी शाळा सुटली की यायचीस आणि काउंटरमागे स्टुलावर बसायचीस. चौथीतल्या पोरांच्या वह्या तपासून तपासून तुला कसलंही अक्षर लागायचं. "हा एल नाही, हा आय आहे, वरचं टिंब बघ." आणि दर वेळी, "खात्री नसेल तर फोन कर. लाजू नको." त्या दोन वर्षांत माझ्या हातून एकही चुकीचं औषध गेलं नाही. ते श्रेय मी लोकांना माझं म्हणून सांगत आलो.

मार्चमध्ये तो परत पाणी पिऊ लागला. पाठीचा कणा दिसायला लागला. डॉक्टरांनी आठाचे दहा केले, मग दहाचे बारा. साखर उतरेना. त्यांनी तुला विचारलं, वेळ चुकतेय का? बाटली फ्रिजबाहेर राहते का? खायला काय देता? तू नाचणीची भाकरी आणि उकडलेला बांगडा सांगितलास. ते म्हणाले, "मग बाई, काहीतरी चुकतंय."

हे तू मला फोनवर सांगितलंस तेव्हा एप्रिल लागला होता. मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "आंबे. बागेत पडलेले आंबे खातो तो. नाहीतर तू देतेस."

"मी नाही देत."

"मग पडलेले खातो. चाळीस कलमांखाली तू काय पहारा देणारेस? बांध त्याला."

"आजवर बांधला नाही रे कधी."

"मग मरू दे."

असं बोललो मी. आणि तू बांधलास. बाजारातून साखळी आणायला तुझ्याकडे कामाला येणाऱ्या सुगंधाला पाठवलंस, कारण दुकानात जाऊन साखळी मागायला तुझी जीभ उचलेना. हे मला सुगंधानं आता सांगितलं. "तोंड फिरवून बांधायची वो. आनि तो बसायचा नाय, उभा ऱ्हायचा. वांदार समोर बसून आंबे खायचे आनि ह्यो साखळीला. भुकून भुकून आवाज बसला." ऐन आंब्यांच्या दिवसांत, त्याच्या स्वतःच्या बागेत. मी दिलेल्या सिरिंजमुळे, आणि मीच लावलेल्या आरोपामुळे.

मे महिन्यात माझ्या मुलीचं लग्न कोल्हापूरला होतं. त्याबद्दलचं भांडण आपलं संपलंच नाही, ते तसंच राहिलं.

"दोन दिवसांचा प्रश्न आहे अक्का. सुगंधा देईल सुई."

"सुगंधा सुईचं नाव काढलं की डोळे मिटते."

"मग दोन दिवस नाही दिली तर काय होईल?"

"माहीत नाही. पण सात वाजले की पुढ्यात येऊन उभा राहतो रे तो."

"भाचीपेक्षा कुत्रा मोठा झाला तुला?"

तू म्हणालीस, "तिच्या मांडवात चारशे माणसं असतील. ह्याच्याकडे मी एकटी."

मी फोन ठेवला. लग्नात सगळ्यांनी विचारलं, अक्का कुठे? मी सांगत सुटलो, कुत्र्याला मधुमेह आहे ना. लोक हसायचे. मीही हसवायचो. त्यानंतर महिनाभर मी तुझा फोन घेतला नाही. लग्नाच्या त्या दोन दिवसांत तू त्याला चार सुया दिल्यास. चारही वेळा औषध निम्म्याहून कमी होतं. माझ्या मुलीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या सोडून तू जे करत बसली होतीस ते मीच निकामी करून ठेवलं होतं.

जूनपर्यंत त्याचे डोळे दुधाळ झाले. डॉक्टर म्हणाले, साखरेमुळे मोतीबिंदू, कुत्र्यांना फार झपाट्यानं होतो. ज्यानं बागेतलं कलम न् कलम पाठ केलं होतं तो चिऱ्याच्या गडग्यावर जाऊन आपटायला लागला. आंबे संपले तरी तू साखळी काढली नाहीस. आता विहिरीची भीती होती.

मला कळलं ते गणपतीच्या आधी आठवडाभर. मिरकरवाड्याचे एक म्हातारे चाचा, जन्म मच्छीच्या लाँचवर काढलेले, सिरिंज मागायला आले. मी विचारलं, बाटली कुठली? त्यांनी खिशातून काढून दाखवली. चाळीसची.

"चाचा, लाल टोपीच्या नाहीत माझ्याकडे."

"आनि ही काय ठेवलीय?" तुझ्या नावाची, नारिंगी सिरिंजांची उघडी पिशवी काउंटरवर होती. तुझ्याकडे जायची तीच.

"ती शंभरची आहे. तुम्हाला चालायची नाही. औषध निम्म्याहून कमी जाईल."

हे मी बोललो. अगदी सवयीनं, मान वर न करता. आणि मग माझा हात त्या पिशवीवरच राहिला.

"ता मना म्हाईत हाय," चाचा म्हणत होते. "मुंबईला पोराकडे होतो तवा असाच घोळ झाला. चार दिवसांत डोळ्यांपुढे अंधारी. चूक दुकानवाल्याची आनि डोळे गेले असते माझे. काय वो भाऊ? घाम कशाला आला? पानी प्या, पानी प्या."

त्यांनी माझ्याच माठातलं पाणी मला आणून दिलं.

दुकान बंद केलं. बाजारात दुसऱ्या एका मेडिकलच्या काउंटरवर गिऱ्हाइकासारखा उभा राहून लाल टोपीच्या सिरिंजा घेतल्या आणि स्कूटरनं पावसला निघालो. वाटेभर वाक्य जुळवत होतो. अक्का, एक चूक झालीय. अक्का, रागावू नको. तुझ्या ओटीवर पोचलो तेव्हा तू खोताच्या डोळ्यांत थेंब घालत होतीस. त्यानं माझ्या आवाजाकडे तोंड केलं आणि शेपटी हलवली. तिथेच माझं वाक्य पडलं.

मी म्हणालो, "त्या नारिंगी सगळ्या परत दे. सुया बोथट निघाल्यात. आणि डोस आठवर आण."

"आठवर? डॉक्टर तर तेरा करू म्हणत होते."

"माझं बोलणं झालंय त्यांच्याशी."

झालं नव्हतं. पण बारा तसेच ठेवले असते तर लाल सिरिंजनं ते खरे बारा झाले असते आणि एवढ्या दिवसांच्या उपाशी शरीराला सोसले नसते. एक चूक झाकायची तर तेवढी काळजी घ्यावी लागली. तू म्हणालीस, "बरं. तू म्हणतोस तर." यापेक्षा तू मला चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

दहा-बारा दिवसांनी तुझा फोन आला. आवाजच वेगळा होता.

"अरे, साखर उतरली! डॉक्टर म्हणाले, बाई, जमलं तुम्हाला. बांधल्याचा गुण आला बघ."

"छान झालं."

"तुला एक सांगू? ओरडू नको हं."

"काय?"

"एप्रिलात मी त्याला दोनदा कोय चाटायला दिली होती. तू विचारलंस तेव्हा नाही म्हणाले. खोटं बोलले रे मी तुझ्याशी."

मी काउंटरवरची बिलं उगाच सरळ केली.

"दोनदाच. पण तेवढ्यानंच झालं असणार. त्याचे डोळे माझ्यामुळे गेले."

अक्का, त्या क्षणी सांगता आलं असतं. याहून सोपी वेळ आलीच नसती. तू स्वतः दार उघडून उभी होतीस. आणि मी म्हणालो, "जाऊ दे अक्का. मुद्दाम थोडंच केलंस तू? होतं असं."

म्हणजे मी तुला माफ केलं. मी! तू दोन वेळा म्हणालीस, "खरंच ना रे? रागावला नाहीस ना?" आणि दोन्ही वेळा मी मोठ्या मनानं नाही म्हणालो. तो फोन ठेवल्यापासून आजपर्यंत मी स्वस्थ बसलेलो नाही.

त्यानंतर किती वेळा आलो ते तू बघितलंस. पूर्वी महिन्यातून एकदा यायचो, आता दर चार दिवसांनी. गणपतीत आलो, दसऱ्याला आलो, दिवाळीत तर दोनदा फराळ घेऊन आलो. तुला वाटलं भाऊ सुधारला. एकदा तू भाकरी थापता थापता विचारलंस, "तुझं काय बिनसलंय रे? सारखा येतोस आणि सारखा निघतोस." मी म्हणालो, पित्त झालंय. तू उठून कोकमाचं सरबत करून दिलंस, साखर कमी घालून. मी ते उभ्यानं प्यालो आणि निघालो. पण त्या साडेतीन महिन्यांत तुझा जेवढा सहवास मिळाला तेवढा गेल्या वीस वर्षांत मिळाला नव्हता. मोहोर आलेला बघत ओटीवर बसलो. तू मला वडिलांच्या गोष्टी सांगितल्यास, ज्या मी लहान असल्यामुळे मला माहीत नव्हत्या. हे सगळं मला एका लपवाछपवीतून मिळालं. त्याचा आनंद कसा मानू आणि नाही तरी कसा मानू?

तू गेलीस त्या सकाळी सुगंधाचा फोन आला. मी पोचलो तर तू पायरीवर खांबाला टेकून बसल्यासारखीच होतीस. रडता रडता सुगंधा मध्येच थांबली आणि म्हणाली, "ह्याला सुई दिलीन की नाय ता कळत नाय वो." कोणाला सुचावं हे अशा वेळी? पण तिला सुचलं. दोनदा दिली तर मरेल, नाही दिली तर पंचाईत. मी आत जाऊन बघितलं. खिडकीत वापरलेली सिरिंज होती, लाल टोपी परत घट्ट लावलेली. शेजारी त्याची थाळी, चाटून स्वच्छ केलेली. सातचं सगळं उरकून मग गेलीस.

त्या संध्याकाळपासून सुई मी देतो. सव्वीस वर्षं सिरिंजा विकल्या, पण जिवंत अंगाला कधी टोचली नव्हती. पहिल्या दिवशी मी सुई धरून एवढा घुटमळलो की खोतानंच अंग थोडं पुढे सरकवलं.

दहाव्याला मी ठरवून गेलो होतो. कावळा शिवणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. तुझ्या मनात ते आंधळं जनावर अडकलेलं असणार, तुझ्या डोक्यावर नसलेला दोष असणार. मंदार सांगेल, खोताला सांभाळीन. कोणी काय, कोणी काय. तरी कावळा येणार नाही. मग मी पुढे होईन आणि सगळ्यांसमोर सांगेन. वाक्य पाठ केलं होतं, या वेळी नीट. पिंड ठेवला, भटजी अजून दोन पावलंसुद्धा मागे सरले नव्हते, तोच कावळा उतरला आणि चोच मारून गेला. "सुटली हो बाई," कोणीतरी म्हणालं. सगळे वळले, चपला घालायला लागले. तू कशासाठीच अडून बसली नाहीस. माझ्यासाठीसुद्धा नाही. मी तिथे पाठ केलेलं वाक्य तोंडात धरून उभा.

तेराव्याला पानं मांडली होती. फार माणसं नव्हती. मंदार, त्याची बायको, दोन-चार शेजारी, वाढायला सुगंधा. तुझा फोटो ओटीवरून दिसेल असा खुर्चीवर ठेवला होता, हार घालून. बोलता बोलता खोताचं काय करायचं ते निघालं. मी म्हणालो, तो माझ्याकडे येईल, यात विचारायचं काय? मंदार म्हणाला, "मामा, तुला त्रास. आईनं तरी काय ना, एकीकडे लाडानं आंबे चारले, आंधळा करून ठेवला, आणि दुसरीकडे वर्षभर सुया मारत बसली. तिनंच मला सांगितलं होतं, माझ्यामुळे झालं म्हणून." त्यात कडवटपणा नव्हता. आईचा वेडेपणा सांगावा तसं सांगत होता. शेजारचा एक जण म्हणाला, "प्रेम असतंच तसं आंधळं," आणि दोघेतिघे हसले.

असंच हसत हसत ते सांगितलं जाणार होतं. दर वर्षी, तुझी आठवण निघाली की. अक्कानं कुत्र्याला आंबे घालून आंधळा केला.

"आंब्यांनी नाही झालं," मी म्हणालो.

"कोय दिलेली ना तिनं?"

"कोयीनं डोळे जात नाहीत. सिरिंज चुकीची होती. मी दिली होती. सहा महिने निम्म्याहून कमी औषध जात होतं. मला गणपतीच्या आधी कळलं आणि मी तिला सांगितलं नाही."

कोणी घास उचलला नाही. मंदार पानाकडे बघत हळूच म्हणाला, "आई रडायची रे मामा फोनवर." एवढंच. त्याची बायको म्हणाली, "राहू दे आता, जेवून घ्या आधी."

सुगंधा भाताचं भांडं घेऊन तशीच उभी होती. ती म्हणाली, "आमाला कशाला सांगता? आमचा काय गेला? तिला सांगायचा होता."

"आता कसं सांगू तिला?"

"तोंडानं! साखळी मीच आनलीय बाजारातून. तिनं रडत रडत बांधलान ता मी बघितलंय. ती बसलीय ना थय खुर्चीवर? उठा आनि सांगा. आयकेल नायतर नाय आयकेल, तो तिचा प्रश्न."

मी पानावरून उठलो. हात उष्टा होता, तसाच. पाठ केलेलं वाक्य आठवलं नाही. सगळे बघत होते, पानं तशीच टाकून. मी तुझ्यासमोर उभा राहिलो आणि मोठ्यानं, मंदारलाही ऐकू जाईल असं म्हणालो:

"अक्का, तू काही केलं नाहीस. सिरिंज मी चुकीची दिली. तू विचारलंस तेव्हा तुला हसलो. कळल्यावर लपवलं, आणि तू माफी मागितलीस ती ऐकून घेतली. ती माफी मी मागायची होती. चुकलो ग अक्का. मला माफ कर."